साठ श्वासांचा हिशेब

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे पुढ्यात घेऊन मी ओसरीवर बसलो होतो. ऊन उतरू लागले होते. आई पलीकडे गहू निवडत होती. इतक्यात फाटक वाजले आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी आत आली. बारावीपर्यंत ती माझ्याकडे मराठी शिकली; पुढे तिने आयुर्वेदाची पदवी घेतली आणि दोन वर्षे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केले.

"सर, एका शब्दासाठी आलेय," ती म्हणाली.

मराठीच्या प्राध्यापकाला याहून गोड वाक्य ऐकायला मिळणे नाही. हल्ली लोक आमच्याकडे येतात ते लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायला. मी चष्मा पुसला आणि गठ्ठा बाजूला सारला.

तिने पर्समधून एक कागद काढला. परदेशातल्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. विषय पब्लिक हेल्थ. आणि त्यातही तिने निवडलेली शाखा होती 'हेल्थ इनोव्हेशन अँड पब्लिक हेल्थ आंत्रप्रेन्युअरशिप'. "बँक कर्ज देतेय, सर. पण जमीन आजीच्या नावावर आहे. दोनच एकर. तारण ठेवायला तिची सही लागते, आणि ती म्हणते, आधी मला समजेल असं सांग, शिकणार काय आहेस? डॉक्टर तर झालीस. आता आणखी कशाची डॉक्टर?"

मी माझ्या परीने शब्द जुळवून दिले. 'आरोग्यातील नवोपक्रम व लोकारोग्य-उद्योजकता'. ते तिने वहीत टिपून घेतले. कागदावर ते मोठे भारदस्त दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"सर, आजी म्हणते, म्हणजे औषधाचं दुकान काढणार का?"

वाचकहो, हसू आले खरे. पण फोन खाली ठेवल्यावर मी जरा ओशाळलोच. दोन एकर जमीन गहाण टाकायला निघालेल्या म्हातारीला तिच्या नातीची विद्या तिच्याच भाषेत सांगता येत नसेल, तर माझ्या एम. ए.चा उपयोग काय? शिवाय आजींचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. आरोग्य आणि उद्योग हे दोन शब्द शेजारी बसवले की आपल्या डोळ्यांपुढे आज काय येते? संगमरवरी इस्पितळ, काचेचा काउंटर आणि हातभर लांबीचे बिल! तेव्हा हा विषय नेमका आहे तरी काय, याचा शोध घ्यायचे मी ठरवले. सुट्टी होतीच.

नसते उद्योग

आधी शब्दाकडेच पाहू. तो आमचा धंदाच आहे. 'उद्योग' या शब्दाला मराठीने दोन तोंडे दिली आहेत. एका तोंडाने तो कारखानदार आहे. दुसऱ्या तोंडाने तो खोडकर पोर आहे. 'काय उद्योग करून ठेवलास?' असे आई विचारते तेव्हा तिला भांडवल आणि नफा अभिप्रेत नसतो. 'नसता उद्योग' म्हणजे कोणी न सांगितलेले, आपल्या वाट्याला न आलेले काम आपण होऊन अंगावर घेणे. गंमत अशी, की आंत्रप्रेन्युअर हा मूळचा फ्रेंच शब्दही 'अंगावर घेणारा' अशाच अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. म्हणजे व्यापारी हा त्याचा नंतरचा अवतार. मुळात तो नसते उद्योग करणारा माणूस!

आणि हा अर्थ धरला, की मग या विषयाचा पाठ शोधायला समुद्रापलीकडे जावे लागत नाही. तो आपल्याच महाराष्ट्रात, जामखेडला आणि गडचिरोलीला, घडलेला आहे. मात्र मौज अशी, की तो घडवणारी माणसे आधी समुद्रापलीकडे शिकून आली होती.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९१६ साली आरोग्यशास्त्राची एक स्वतंत्र शाळा स्थापन केली. वैद्यकीय महाविद्यालय आजाऱ्याला बरे करायला शिकवते; ही शाळा आजार गावात येतो कोठून, हे शोधायला शिकवणार होती. आपल्याकडे कलकत्त्याला १९३२ साली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ उभी राहिली तीही याच विचाराने. हॉपकिन्समध्ये पुढे कार्ल टेलर नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले. त्यांचा जन्म मसुरीचा. पंजाबात लुधियान्याजवळ नारंगवाल येथे त्यांनी एक मोठा प्रयोग चालवला. खेड्यातल्या बालकांचा न्यूमोनिया खेड्यातच, साध्या प्रशिक्षित स्त्रियांच्या हातून बरा करता येतो काय, हा त्यातला एक प्रश्न होता. प्रयोग १९७४ साली बंद पडला. पण प्रश्न बंद पडला नाही.

टेलर यांच्या विद्यार्थ्यांत एक जोडपे होते, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. शिकून ती दोघे परत आली आणि १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला जाऊन बसली. एवढे शिकून जामखेडला? नसता उद्योगच नाही का! दुष्काळाचा मुलूख. रोगी तपासू लागले तर ध्यानात आले, की अर्ध्या रोगांवरचे औषध विहिरीत आणि ताटात आहे. तेव्हा १९७२ च्या दुष्काळात त्यांनी विंधनविहिरी खोदायला हात घातला. त्याही अनेकदा दलित वस्तीत, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे जावे लागावे. मग त्यांनी गावोगावच्या बायका हेरल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना जामखेडला बोलावून गोल करून बसवले आणि बाळंतपण, जुलाब, ताप, बाळाचे वजन असे एकेक प्रकरण शिकवले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरच्या हातातली विद्या काढून ती गावातल्या बाईच्या हातात द्यायची, हा जामखेडचा नवोपक्रम. त्यात यंत्र नाही, पेटंट नाही. पण सारे जग तो पाहायला आले.

चार रुपयांचा धडा

दुसरे जोडपे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे. अभय बंग वर्ध्याकडचे, गांधीजींच्या सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले. राणी बंग चंद्रपूरच्या. दोघेही नागपूरला वैद्यक शिकली आणि वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम करू लागली. तेथला एक अनुभव डॉ. अभय बंगांनी अनेकदा सांगितला आहे. रोजगार हमी योजनेवर मजुराला तेव्हा दिवसाला चार रुपये मिळत. हा दर एका सरकारी समितीने आकडेमोड करून ठरवला होता: मजुराला किती अन्न लागते, त्याला किती पैसे पडतात, वगैरे. बंगांनी ती आकडेमोड तपासली. मजूर दिवसभर माती खणतो तर त्याला उष्मांक किती लागतील, घरातली खाणारी तोंडे किती, या हिशेबात चुका सापडल्या. त्यांनी त्या लिहून प्रसिद्ध केल्या. पुढे मजुरीचा दर बारा रुपये झाला.

या गोष्टीचे मर्म असे, की वर्षानुवर्षे सुया टोचून जेवढ्या माणसांचे भले झाले नसते, तेवढ्यांचे एका कागदावरच्या गणिताने झाले. मोजणे हीसुद्धा सेवा आहे, हे त्यांना कळून चुकले. मग मोजायचे कसे, हे रीतसर शिकण्यासाठी ती दोघे हॉपकिन्सला गेली, आणि १९८४ साली पदवी घेऊन परतली.

परतल्यावर कोठे जायचे? संशोधन म्हटले की माणूस मोठे शहर, मोठी प्रयोगशाळा शोधतो. यांनी उलटा हिशेब मांडला. सोयी आहेत तेथे नव्हे, तर दुखणी आहेत तेथे संशोधन व्हायला हवे. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून तोडून १९८२ साली नवा झालेला. जंगलाचा, गोंडांचा, रस्ते नसलेला. तेथे त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. पहिली प्रयोगशाळा तेंदूपत्त्याच्या एका जुन्या गोदामात होती म्हणतात. विडीची पाने जिथे साठवायची, तिथे सूक्ष्मदर्शक आला!

पुढे दवाखाना बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी आदिवासींनाच विचारले, तो कसा असावा? उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीची आम्हाला भीती वाटते. पांढरे कपडे घातलेली माणसे पाहून प्रेताची आठवण येते. नातेवाइकांना बाहेर काढतात ते बरे वाटत नाही. तेव्हा 'शोधग्राम' बांधले ते गावासारखे, झोपड्यांचे, सोबतीची माणसे राहू शकतील असे. आणि दवाखान्याला नाव दिले त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी. व्यवस्थापनशास्त्रात याला ग्राहकाची गरज ओळखणे असे काहीतरी म्हणत असतील. आपण त्याला माणसाचे ऐकून घेणे म्हणतो.

डॉ. राणी बंगांनी असेच ऐकता ऐकता ध्यानात घेतले, की बायका दुसऱ्याच दुखण्यासाठी येतात आणि जाताना हळूच अंगावर जाण्याविषयी, पोटातल्या कळांविषयी बोलतात. त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची रीतसर तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तिचा निष्कर्ष आला. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि बहुतेकींची त्यापूर्वी कधी तपासणीच झाली नव्हती. तोवर खेड्यातली बाई म्हणजे गर्भाशय आणि कुटुंबनियोजन एवढाच सरकारी हिशेब होता. गर्भ नसतानाही ती आजारी असते, हे जगाला मोजून दाखवावे लागले.

अठरा कारणे

आता मुलांकडे वळू. डॉ. अभय बंगांनी सांगितलेला एक प्रसंग असा. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दोन बायका एक मरणासन्न बाळ घेऊन धावत त्यांच्या घरी आल्या. बाळाला खाटेवर ठेवले. काही करायच्या आत ते गेले. त्या रात्री ते विचार करत बसले, की हे मूल कशाने मेले? न्यूमोनियाने? कुपोषणाने? की आईला गरोदरपणात पोटभर मिळाले नाही म्हणून? पाणी घातलेल्या दुधाने? मांत्रिकाकडे दिवस गेले म्हणून? की नदीला पूर होता आणि पूल नव्हता म्हणून? मोजता मोजता अठरा कारणे झाली.

अठरा कारणे ऐकली की आपण सामान्य माणसे काय करतो? सुस्कारा टाकतो आणि 'व्यवस्थाच सडलेली आहे' म्हणून दिवा मालवतो. दारिद्र्य जाईल तेव्हा, पूल होतील तेव्हा, बायका शिकतील तेव्हा! पण ही कारणे म्हणजे साखळीच्या कड्या आहेत. साखळी तोडायला सगळ्या कड्या तोडाव्या लागत नाहीत. एक तुटली तरी पुरते. प्रश्न एवढाच, की आज, या गावात, या माणसांच्या हातून तुटण्याजोगी कडी कोणती? माझ्या मते, ज्याला नवोपक्रम म्हणतात त्याचा सारा गाभा या प्रश्नात आहे.

न्यूमोनियाचीच कडी पाहा. लहान बाळाची छाती भरते, कुठे त्याला 'डबा झाला' म्हणतात, तेव्हा त्याचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा. त्याहून मोठ्या बाळाला पन्नास. एवढे कळले तर औषध स्वस्त आहे आणि सोपे आहे. पण गावातल्या सुइणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही, आणि तिच्या मनगटाला घड्याळ नाही. आता काय करावे? शिकलेला माणूस म्हणेल, आधी साक्षरता वर्ग काढा. यांनी एक लाकडी साधन केले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका, आणि तारेत ओवलेले मणी, आपल्या बिगरीतल्या पाटीला असत तसे. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे पाहायचे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. लहान बाळासाठी मण्यांची एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. दहापर्यंत मोजता आले की झाले!

मला या साधनाचे फार अप्रूप वाटले. त्यात विद्यापीठ आहे. कारण साठ हा आकडा विद्यापीठाशिवाय हाती आला नसता. आणि त्यात सुईण आहे. कारण तिच्यावाचून तो मण्यांत उतरला नसता. अशा उपायांनी गडचिरोलीच्या खेड्यांत बालमृत्यू घटतात, हे १९९० साली प्रसिद्ध झाले.

तरी पहिल्या महिन्यातली बाळे दगावतच होती. नवजात बाळ आजारी पडले तर इस्पितळात न्यावे, हा शास्त्रार्थ. पण बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढायचे नाही, हा गावाचा शास्त्रार्थ. तेव्हा बाळ इस्पितळात जात नाही, तर इस्पितळच बाळाकडे न्यायचे. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाला ऊब द्यायची, आईचे पहिले दूध पाजायचे, वजन करायचे, श्वास कोंडला तर मुखवट्याने हवा भरायची. आणि जंतुदोषाची ठरलेली लक्षणे दिसली, म्हणजे रडणे क्षीण झाले, दूध सोडले, अंग गार पडले, तर आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. खेड्यातली बाई आणि नवजात बाळाला इंजेक्शन! शास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या. त्यांना उत्तर आकड्यांनी दिले. ३९ गावांत ही सेवा दिली आणि दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली. सेवेच्या गावांत आरंभी हजार जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत; तिसऱ्या वर्षी तो आकडा २५.५ वर आला. दुसऱ्या गावांत तो जवळजवळ होता तेथेच राहिला. हे १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'ने छापले.

आणि मराठीच्या प्राध्यापकाने एक नोंद केलीच पाहिजे. २००१ साली राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यूंची मोजणी केली आणि सरकारी वहीत दिसतात त्याहून ते कितीतरी अधिक आहेत, हे उघड केले. त्या अहवालाचे नाव 'कोवळी पानगळ'. आकड्यांच्या अहवालाला इतके बोलके नाव मी दुसरे पाहिले नाही.

अडीचशे रुपयांचा प्रश्न

येथपर्यंत आजींना सांगता आले असते. पण 'उद्योजकता' अजून शिल्लक होती. कारण प्रयोग ३९ गावांत यशस्वी होणे निराळे आणि देशाच्या लाखो गावांत टिकणे निराळे. टिकायला पैसा लागतो, माणसे लागतात, रोजचा व्यवहार लागतो.

या बाबतीत दुसरीकडचे उदाहरण देतो. मदुरईचे नेत्रतज्ज्ञ डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, अकरा खाटांचे 'अरविंद' नेत्ररुग्णालय काढले. संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा शल्यविशारद हॅम्बर्गर विकणाऱ्या अमेरिकन उपाहारगृहांकडे पाहून म्हणे, की त्यांना हजारो ठिकाणी एकसारखा माल स्वस्तात देता येतो, तर आपल्याला दृष्टी का देता येऊ नये? ऐपतवाल्याकडून पैसे घ्यायचे, गरिबाला फुकट द्यायचे, आणि दोघांच्या शस्त्रक्रियेत फरक करायचा नाही. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग सुमारे १०० डॉलरला पडे. १९९२ पासून त्यांच्या 'ऑरोलॅब'ने ते मदुरईतच बनवून सुमारे १० डॉलरवर आणले. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने १९९३ साली या रुग्णालयावर पाठ लिहिला. नफा हा शब्द तेथेही आहे. फक्त तो गरिबाच्या डोळ्यात जाऊन बसतो.

पण नवजात बाळाच्या घरभेटीला तिकीट कोण लावणार? तेथे सरकारच हवे. ते पुढे आलेही. २००५ पासून देशात 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. २०११ साली भारत सरकारने नवजात बाळाच्या घरच्या देखभालीची पद्धत त्यांच्या कामात घातली. बाळंतपण दवाखान्यात झाले तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झाले तर सात. हजारी मृत्यूंचा देशाचा आकडा २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत २० वर आला. याचे सारे श्रेय एका योजनेला देणे बरोबर नव्हे. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, रस्ते झाले, मुली शिकल्या. तरी त्या कड्यांत ही एक कडी आहेच.

मात्र त्या सगळ्या भेटी मिळून आशाताईंच्या पदरात किती टाकायचे ठरले? अडीचशे रुपये. हे मी माझ्या विद्यार्थिनीला सांगितले तेव्हा ती हसली. "सर, मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंय. तेही वेळेवर मिळत नाहीत." चार रुपयांची मजुरी चुकीची आहे, हे ज्या विद्येने दाखवले, तिच्याच फळावर पुन्हा अडीचशेची चिठ्ठी लागावी! गावातल्या बाईच्या हातात विद्या दिली, हे थोर झाले. पण त्या हातात मोबदला ठेवायची वेळ आली की आपण तिला 'स्वयंसेविका' म्हणतो. ज्याला या विषयाचा अभ्यास करायचा आहे त्याने ही कडीही मोजली पाहिजे, असे मला वाटते. माझ्या विद्यार्थिनीलाही नेमके तेच करायचे आहे, हे मला त्या दिवशी कळले. ती जात होती ते एवढ्यासाठी.

नाव नसलेला भाऊ

एका संध्याकाळी आईला मी त्या मण्यांच्या साधनाची गोष्ट सांगत होतो. ती वाती वळत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"साठ म्हणजे... एका मिनिटात?"

"हो. मिनिटाला साठ किंवा जास्त."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला शंभरापर्यंत यायचं रे. चौथी पास होते मी."

आणि पुन्हा वाती वळू लागली.

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तो नऊ दिवस जगला. बारसे बाराव्या दिवशी व्हायचे, म्हणून त्याला नावही नाही. घरात त्याचा विषय निघाला तर 'तो पहिला' एवढेच म्हणतात. त्याला काय झाले होते, हे आज कोण सांगणार? आई एवढेच सांगते, की शेवटचे दोन दिवस त्याचे पोट भात्यासारखे हलत होते आणि त्याने दूध सोडले होते. आणि सासूबाईंनी ओवा-शेक केला. कोणाचाच दोष नव्हता. घरात मोजणारी होती. पण काय मोजायचे, ते तिला कोणी सांगितले नव्हते.

मी रात्री पुन्हा कागद घेऊन बसलो आणि 'नवोपक्रम', 'उद्योजकता' सगळे खोडून आजींसाठी चार ओळी लिहिल्या: 'तुमची नात औषधाचे दुकान काढणार नाही. आईला, सुइणीला, आशाताईला जे आज कळत नाही ते त्यांच्या हाती कसे द्यायचे, आणि ते देणाऱ्या बाईचे पोट कसे भरायचे, हे ती शिकणार आहे. दुकानदारासारखा एक हिशेब मात्र ती ठेवील: किती मुले जन्मली, किती जगली.'

चार दिवसांनी ती पेढे घेऊन आली. आजींनी सही केली होती. "पण एक विचारलं तिनं," ती म्हणाली. "म्हणाली, हे सगळं ठीक, पण तो हिशेब तू दाखवणार कोणाला? तिथल्या मास्तरांना, का इथल्या बायांना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही, सर. म्हटलं, परत आले की सांगते."

ती गेली त्याला आता काही महिने झाले. दोन एकरांचा सातबारा बँकेत आहे. इकडे आजी, तिच्या सांगण्याप्रमाणे, फोनवर दर आठवड्याला एवढेच विचारतात, "काय मोजायला शिकलीस?"